धोंडीबानं पटका काढला होता

आधीच सांगतो, मी गणिताचा मास्तर आहे. तिठ्यावरचा उतारा पायानं बाजूला सारून शाळा गाठणारा. आमच्या शिवाजी पेठेत कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडतात, मी घड्याळ बघतो. तेव्हा "मास्तर, तुम्हीसुद्धा?" म्हणून हसायचं असेल तर खुशाल हसा. सात वर्षं मीही हसण्यावारीच नेत होतो... मागच्या चैत्रापर्यंत.

पन्नास सालाच्या आसपास मला विमान शिकायचं खूळ लागलं. आई म्हणायची, "सायकल धड चालवाय येत न्हाय, आणि म्हणं इमान!" उजळाईवाडीच्या माळावर धावपट्टी होती. पट्टी कसली, लांबलचक गवताचा पट्टा. विमान दोन माणसांचं, कापडी पंखांचं, रेडिओ-बिडिओ काही नाही. एकट्यानं उडवताना मागच्या सीटवर बसायचं. उतरायला आलं की विमानाचं नाक असं आडवं येतं की समोरची जमीन दिसतच नाही. मान बाहेर काढून कडेकडेनं अंदाज घ्यायचा.

खालून इशारा द्यायला धोंडीबा होता. माळाचा राखणदार, पन्नाशीचा गडी. पट्टीवरची म्हसरं हाकलायची, आणि काही आडवं असलं तर लाल झेंडा हलवायचा, हे त्याचं काम. डोक्याला कायम विटका लाल पटका. मी एकदा सहज विचारलं, "धोंडीबा, झेंडा वाऱ्यानं उडून गेला तर?"

"तर पटका काढीन की," म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "बोलून गेलो, मास्तर. घरातलं कोण गेल्याबिगर आमचा पटका चारचौघांत उतरत न्हाय. आई अंबाबाई ती येळ न आणो."

माझी एक खोड होती. उतरायला आलो की ऐन वेळी धीर सुटायचा आणि मी पुन्हा वर जायचो. परत फेरी, परत वर. बरोबरच्या शिकाऊंनी माझं नाव ठेवलं फेरीवाले. "काय फेरीवाले, आज काय इकाय आणलंय?" शेवटी शिकवणारे इनामदार साहेब वैतागले. लढाईत विमानं उडवून आलेला माणूस, तोंडानं फटकळ. म्हणाले, "वर जाणं हा गुन्हा नाही. कारण असेल तर दहा वेळा जा. पण उद्या नुसत्या भीतीनं गेलास तर तुझं विमान बंद. फळ्यावर गणितं सोडव जा."

ते मला फार लागलं. शाळेत मी कुणीच नव्हतो हो. हेडमास्तर तर मला दुसऱ्याच मास्तरांच्या नावानं हाक मारायचे. त्या माळावर, हवेत असलो की तेवढा वेळ मी कुणीतरी असायचो. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

दुसरा दिवस नवरात्रातला, गुरुवार. सकाळचे दहा वाजले असतील. एकट्यानं एक चक्कर मारून उतरायला आलो. आज सगळं जमलं होतं... वेग बरोबर, उंची बरोबर, वारा समोरून. भीतीसुद्धा नव्हती. वीस-पंचवीस फूट राहिले असतील. मान डावीकडं काढली.

पट्टीच्या कडेला धोंडीबा उभा होता. बोडका. पटका पार सुटलेला, आणि तो दोन्ही हातांनी हलवत होता. डोक्यावर ऊन पडलेलं. डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा, केस नसलेली, भाजल्यासारखी गुलाबी. हे सगळं मी एका क्षणात बघितलं. एवढं कसं बघितलं, ते मला विचारू नका.

झेंडा असता तर मी उतरलो असतो. देवाशपथ सांगतो. असेल कुठंतरी म्हैस, म्हणून काणाडोळा केला असता, कारण मला त्या दिवशी उतरायचंच होतं. पण धोंडीबानं पटका काढलाय म्हटल्यावर माझा हातच पुढं गेला.

इंजिनाला जोर देणारा थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढं, पण हिसका न देता. "आधी वेग, मग उंची. नाक उचलायची घाई करशील तर मरशील," हे साहेबांचं रोजचं पालुपद. नाक सपाट धरलं, पट्टीच्या जरा उजवीकडं सरकलो आणि वेग येऊ दिला. मग डावीकडं खाली बघितलं तर गवतात हिरवं लुगडं. बाईमाणूस, पालथं पडलेलं. जिथं माझी चाकं टेकली असती, बरोबर तिथं.

वर गेलो, वळून विमान ठेवायच्या शेडवरनं अगदी कमी उंचीवर गेलो आणि हात बाहेर काढून पट्टीकडं दाखवत राहिलो. माणसं पळाली. त्यांनी तिला उचलून बाजूला नेल्यावरच मी उतरलो. इतका सुरेख कधीच उतरलो नव्हतो, आणि बघायला एक माणूस नव्हता!

ती हौसाबाई होती, धोंडीबाची बायको. म्हसरं हाकताना नवरात्राच्या उपासानं भोवळ येऊन पडली होती. गुळाचं पाणी पाजल्यावर उठून बसली.

साहेबांनी विचारलं, "तुला दिसली कशी? नाक आडवं होतं."

"मला कुठं दिसली? धोंडीबानं पटका हलवला की."

साहेब म्हणाले, "धोंडीबा कालच नृसिंहवाडीला गेलाय. म्हणून तर त्याच्या जागी ही म्हसरं हाकायला आली होती." मी शेडमध्ये जाऊन बघितलं. झेंडा कोपऱ्यात गुंडाळलेला होता. पट्टीच्या कडेला कुणीही उभं नव्हतं, असं सगळ्यांनी सांगितलं. मग मी कुणाला बघितलं?

दुसऱ्या दिवशी धोंडीबा आला, कवठाची बर्फी घेऊन. मी विचारलं, "काल दहाच्या सुमाराला काय करत होता?"

"नदीत आंघुळ. का वं?"

"तेव्हा पटका..."

"काढून घाटावर ठेवला व्हता. आंघुळीपुरता सगळीच काढत्यात की."

मी म्हणालो, जरा आत्ता काढून दाखवता का? तर एवढा गरीब माणूस, पण खवळला. "माझं कोण मेलंय व्हय, मास्तर?" पुढं मीच मनाची समजूत घातली – ऊन होतं, ताण होता, गवतात हिरवं काहीतरी डोळ्याला दिसलं असेल आणि बाकीचं डोक्यानं रचलं असेल. सात वर्षं या उत्तरावर माझं भागलं.

मागच्या चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, हौसाबाई गेली. तापानं गेली. पंचगंगेवर मी पोचलो तेव्हा धोंडीबा चितेपाशी पाठमोरा उभा होता, पटका सोडलेला. मग तो वळला. डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा होती. केस नसलेली, गुलाबी.

तो जवळ आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "सात वर्सं जास्तीची मिळाली की तिला, मास्तर. तुमीच दिलीसा ती."

मी नाही, धोंडीबा, तुम्ही दिलीत – असं म्हणायचं होतं. पण मलाच कळलेलं नाही, तर त्याला काय सांगू? तो पटका हातात घेऊन पुन्हा चितेकडं गेला.