पाठ केलेली ओळ

लेकीच्या चष्म्याचा नंबर भराभर वाढू नये म्हणून सहा महिने मी रोज झोपताना तिच्या डोळ्यांत औषधाचा एकेक थेंब टाकला. एकही दिवस चुकवला नाही. मी शाळेत मास्तर. गैरहजेरी मला खपत नाही.

तपासणीला देऊळगाव राजाहून बसने बुलढाण्याला गेलो. तिने तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचली. माझी छाती फुगली. डॉक्टरीणबाईंनी हसून तक्ता बदलला, तशी ती तिसऱ्याच ओळीला अडली. रांगेत पुढच्या पोरांचं ऐकून तिने अक्षरं पाठ केली होती.

बाहेर येताच मी डाफरलो, "काऊन केलं असं?"

"मी अडली असती तं तुमचा थेंब नापास झाला असता ना, पप्पा."