मंगलाबाईंची कढत कॉफी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मंगलाबाईंच्या कॉफीचं कोण कौतुक! लग्न होऊन तिरुवैयारूहून आल्या त्याच सकाळी सासूबाईंनी बजावलं होतं, "आमच्यांत पुरुष कॉफी कढतच पितात." नव्यानेच मास्तर झालेल्या अमरसिंहरावांनी पेला तोंडाला लावला आणि चेहरा जराही न हलवता म्हणाले, "बेस झाली." झालं! तेव्हापासून त्यांच्यापुढे निवलेली कॉफी ठेवणं म्हणजे मंगलाबाईंना आपलं नाक कापल्यासारखंच.

यंदा मात्र जेवताना अमरसिंहराव घासागणिक पाणी पिऊ लागले. वय झालं म्हणून त्यांनी विषय उडवून लावला, पण मंगलाबाई कसल्या ऐकतात! रोज भुणभुण लावून त्यांनी नवऱ्याला अखेर दवाखान्यात नेलंच.

डॉक्टर विशालाक्षींनी घशातून कॅमेऱ्याची नळी घातली. साध्या उजेडात अन्ननलिका स्वच्छ दिसली. एखाद्याने तिथेच नळी काढून घेतली असती. या बाईंनी बटण दाबून उजेड निळा-हिरवा केला, तसा एका जागी तपकिरी डाग उठून दिसला. वर आयोडीन फवारलं, तर सगळीकडे रंग चढला आणि नेमकी तेवढीच जागा फिकी राहिली. तिथला तुकडा तपासायला गेला. निदान आलं, कर्करोगाचं. पण अगदी वरच्या थरातला; पोट न फाडता, नळीतूनच सोलून काढता येईल असा.

"फार गरम पितात का हे काही?" डॉक्टरांनी सहज विचारलं आणि मंगलाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली.

त्या दिवसापासून त्यांचं अन्नावरचं मन उडालं. डाग काढायच्या दिवशी दाराशी डॉक्टरांना गाठून त्यांनी तमिळमध्ये विचारलंच, "माझ्यामुळे झालं का हे?"

"गरम पिण्याने धोका वाढतो, अम्मा," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यानेच झालं असं कुणी सांगू शकत नाही. आणि तुम्ही वेळेवर आणलंत म्हणून तर हे सापडलं."

पुढचं मंगलाबाईंना ऐकूच आलं नाही. पहिलं वाक्य तेवढं काळजात रुतून बसलं.

डाग पुरता निघाला, काढलेल्या तुकड्याच्या कडाही तपासणीत साफ आल्या. डॉक्टरांनी ही बातमी दिली तेव्हा मंगलाबाईंनी हात जोडले. डॉक्टर गेल्या मात्र, इतके दिवस कोंडलेलं सगळं नवऱ्यावर उसळलं.

"एकदां तरी भाजतें म्हणून सांगायचें नाहीं काय, अहो? मी काय परकी होतें?"

अमरसिंहराव बसक्या आवाजात म्हणाले, "भाजत होतें की. रोजच भाजत होतें."

"मग?"

"तूं समोर उभी राहायचीस. मी घोट घेतला कीं तुझें तोंड असें फुलायचें… कसें सांगूं, सांग?"

मंगलाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर फुटलाच.