रजिस्टरातलं अठ्ठ्याण्णव

डॉक्टरसाहेबांनी तोंडावरचा मास्क काढला आणि माझ्या तळहातावर टाकला. ओला. कोमट.

"घे मावशी, तू वापर. तुमच्या लोकांना कुठं काय होतंय!"

सगळं थिएटर हसलं. त्या मास्कात तंबाखू, कालचं मटण आणि परदेशातली डिग्री, तिन्हींचा वास होता. रंकाळ्यातली म्हैस हुंगती तर पाण्यातच आडवी झाली असती. मी तो घातला. खोटं कशाला सांगू? चार दिवस घातला.

स्वाइन फ्लूचं साल. मी ऑपरेशन थिएटरची आया. शिरोळकडची, बौद्धवाड्यातली, दहावी पास. म्हणून दारातलं रजिस्टर माझ्याकडं. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा ताप बघायचा, लिहायचा, मगच दार उघडायचं, असा नियम. आत टेबलावर कॅन्सरच्या बायका. गर्भाची पिशवी काढायची, अंगात रक्त नाही. त्यांना फ्लूनं गाठलं तर ऑपरेशन करून तरी काय?

पण काखेत थर्मामीटर फक्त आम्हाला. झाडूवाला, आया, पेशंट. मोठ्या डॉक्टरांना 'हात वर करा' कोण म्हणणार? सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "त्यांच्या नावापुढं सकाळीच अठ्ठ्याण्णव लिहून ठेवत जा." मी ठेवत गेले. वळणदार अक्षरात. इतका आज्ञाधारक ताप साऱ्या दुनियेत नसेल.

मग मुरगूडच्या आक्का आल्या. गर्भाशयाचा कॅन्सर. साथीपायी दोनदा तारीख हुकलेली. त्या सकाळी उपाशीपोटी स्ट्रेचरवर, माझं मनगट घट्ट धरून.

"बाई, आज तरी व्हईल न्हवं?"

"व्हईल की आक्का."

तेवढ्यात साहेब आले. पुण्यातलं लग्न उरकून. डोळे लाल, अंगाची भट्टी. खोकले असे की शिवाजी पेठेतल्या खिडक्या थरथरल्या असतील. आणि खोकले ते थेट आक्कांच्या अंगावर. आक्कांनी चादर तोंडावर ओढली. रजिस्टरात साहेबांचं अठ्ठ्याण्णव कधीच वाळून बसलेलं.

मला माझ्याच अक्षराची किळस आली.

थर्मामीटर पुढं केला. "साहेब, ताप बघायचा हाय."

"तू? तू माझ्या अंगाला हात लावणार?"

"हात न्हाई, थर्मामीटर. हात मलाबी लावायचा न्हाई."

भूल देणाऱ्या मॅडम मागंच उभ्या होत्या. म्हणाल्या, "लावा सर. नियम तुम्हीच काढलाय."

लावला. माझ्याकडं परत देताना साहेब दातातल्या दातात म्हणाले, "अठ्ठ्याण्णव आहे. समजलं?"

मी पारा बघितला. अठ्ठ्याण्णव खोडलं. आणि वाचलं. मी कृष्णेच्या या काठावरनं हाक मारली तर पलीकडचा ट्रॅक्टर थांबायचा, असला माझा गळा.

"एकशे दोन!"

मॅडमनी हातमोजे काढून टाकले. ऑपरेशन रद्द.

आक्का रडल्या नाहीत. नुसतं माझं मनगट सोडलं. त्यांचा मुलगा अंगावर आला. "आमची आई मारायला बसलाईसा व्हय?" आठवड्यानं दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. त्या आठवड्यात गाठ किती वाढली, ते कुठल्या रजिस्टरात नाही.

मला ऑफिसात बोलावलं. क्लार्कनं कोरा कागद सरकवला. "साहेबांची माफी माग. चार ओळी खरड आणि सूट."

मी लिहिलं: 'अठरा दिवस मी डॉक्टरांना न तपासता अठ्ठ्याण्णव लिहिलं. त्या दिवसांत टेबलावर झोपलेल्या प्रत्येक बाईची मी माफी मागते. एकशे दोन खरं होतं. त्याची माफी मागणार नाही.' खाली सही. पूर्ण नाव, गावासकट.

क्लार्कनं वाचलं. कागद चुरगळला. दुसरा कोरा पुढं ठेवला.

"द्या की," मी म्हटलं. "रोज एक द्या. रोज ह्येच लिवणार."