लेहमधली आखणी

रोह्याचा माझा भाऊ बायकामुलांना घेऊन लेहला निघालाय. तिकिटं काढून झाल्यावर मला फोन करून विचारतो, "ताई, तिथं बघण्यासारखं काय हाय गो?" बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी त्याला आधी झोपायला सांगितलं. पोचल्यावर पहिले दोन दिवस पडून राहा, जिने चढू नकोस, आंघोळीचाही हट्ट धरू नकोस. तो हसला. आमच्याकडचे पुरुष अशा वेळी हसतात आणि माझं डोकं तडकतं.

शहर सुरेख आहे, यात वाद नाही. चारी बाजूंना उघडे डोंगर आणि मधे झाडांचा हिरवा पट्टा. बाजारात मशीद, तिच्यासमोर बौद्धांचं मंदिर, जवळच गुरुद्वारा. मशिदीमागच्या गल्लीत तंदुरातून गरम रोट्या निघतात. फुटपाथवर बायका जर्दाळू विकायला बसतात. दुकानदार काश्मिरी, रस्त्यावर खडी फोडणारे नेपाळी आणि बिहारी, आणि लष्कराच्या गाडीतून अचानक साताऱ्याकडची मराठी ऐकू येते. भेटल्यावर "जुले" म्हणायचं, निघतानाही तेच. मला हे काही नवलाचं वाटलं नाही. पेणच्या बाजारात मी बांगड्या भरते त्याही कोकणी मुसलमानाच्याच दुकानात. नवल वाटलं ते हवेचं. तिथली हवा ओठ फाडते आणि पुरत नाही.

आम्ही गेलो ते लेकीसाठी. जावई तिकडे रस्त्याच्या कामावर इंजिनीअर. लग्नानंतरचा तिचा पहिला गणपती, आणि तिला मूर्ती हवी होती बापाच्या हातचीच. हमरापूरला आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. अंगाचा रंग, पितांबर, दागिने मी करते. आखणी, म्हणजे देवाचे डोळे काढणं, ते फक्त आमचे हे करतात. त्यांनी फूटभर उंचीची शाडूची मूर्ती खोक्यात भाताच्या पेंढ्यावर बसवली आणि विमानात मांडीवर घेऊन आले. डोळे मात्र काढले नव्हते. म्हणे, देवानं पहिल्यांदा बघावं ते लेकीचं घर.

लेकीनं पहिल्याच दिवशी दोघांना अंथरुणावर ढकललं. मी पडले. यांनी खोका उघडला. संध्याकाळपर्यंत मूर्तीच्या मनगटाला चीर पडली, मग मानेला. आमच्याकडे श्रावणात मूर्ती सुकवायला बल्ब लावून बसावं लागतं. आम्ही जिला कोरडी म्हणतो तिच्यात किती ओल शिल्लक असते, ते आम्हाला तिथं कळलं. त्या हवेनं ती ओल ओढून घेतली. प्रतिष्ठापना अजून व्हायची होती, त्यामुळे चीर बुजवायला काही हरकत नव्हती. पण हे आडवे होईनात. माती भिजवायची, चीर भरायची, मूर्ती उचलून गच्चीवरच्या सावलीत न्यायची, वारा लागतो म्हणून पुन्हा खाली आणायची. दुसरा दिवसही त्यातच गेला. चतुर्थी तोंडावर असताना हमरापूरचा माणूस झोपणार कसा?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी यांचं डोकं ठणकत होतं. उलटी झाली. म्हणाले, "पित्त हाय." आमच्याकडे डोकं दुखलं की ते पित्तच असतं. मी कोकम सरबत दिलं. तेही उलटून पडलं. दुपारी ब्रश घेऊन मूर्तीसमोर बसले, तेव्हा हात रंगाच्या वाटीत न जाता बाजूला पडत होता. उठायला गेले आणि दारू प्यायल्यासारखे भिंतीवर आदळले. या माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

लेकीनं खालच्या मालकीणबाईंना हाक मारली. त्या बौद्ध, माझ्याच वयाच्या. त्यांनी यांना चार पावलं चालायला लावलं, ती वाकडी पडलेली पाहिली आणि मला म्हणाल्या, "यह पित्त नहीं है. अभी हॉस्पिटल." जावई कामावर, दूर. बाईंनी कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडच्या रोटीवाल्याला ओरडून सांगितलं. तो पिठाच्या हातांनीच गाडी काढून दारात आला.

आणि हे हलेनात. खांबाला मिठी मारून बसले. "आंधळा देव ठेवून मी नाय जायचा." लेक रडली, ओरडली. बाईंनी दम दिला. खाली रोटीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी त्यांचा हात ओढला, तर ओळख नसल्यासारखं बघितलं माझ्याकडे. हा माणूस इथंच मरणार, देवाच्या पायाशी, निव्वळ हट्टापायी, असं मला वाटलं आणि त्या मूर्तीचाही राग आला.

मी त्यांच्या बोटांतून ब्रश काढून घेतला.

आखणी श्वास रोखून करतात. भुवई, पापणीची रेघ, बुबुळ. रेघ सुरू झाली की ती संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही. एवढी वर्षं शेजारी बसून मी ते पाहिलं होतं, पण ब्रश कधी लावला नव्हता. आणि तिथं रोखायला श्वासच नव्हता. एक रेघ ओढायची, ब्रश उचलायचा, धापा टाकायच्या, यांच्याकडे बघायचं, पुन्हा वाकायचं. यांचे ओठ जांभळे दिसत होते. डावा डोळा झाला. उजव्याच्या पापणीची रेघ थरथरली, तशीच ठेवली. बुबुळं टेकवली आणि म्हटलं, "झाले. बघतोय तो तुमच्याकडं. उठा आता."

ते उठले. आम्ही तिघींनी त्यांना जिन्यावरून उतरवलं. गाडीत ते काय बोलत होते ते कळत नव्हतं, त्या रोटीवाल्याला दादा म्हणत होते. हॉस्पिटलात तोंडावर ऑक्सिजन चढला. डॉक्टर म्हणाले, इथल्या विरळ हवेनं मेंदूला सूज आलीय, रात्र जाऊ द्या. मी स्टुलावर बसून त्यांची छाती वर खाली होताना बघत राहिले.

सकाळी त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. नीट, नेहमीच्या आवाजात. लेकीनं घरी प्रतिष्ठापना करून फोटो पाठवला होता. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. दुसऱ्यांच्या मूर्तींच्या डोळ्यांत खोट काढणं हा यांचा जन्माचा छंद. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मास्क बाजूला करून म्हणाले, "घाबरलेत गो. तुझेच हायत."

मग मात्र मला हुंदका आवरेना. नर्स धावत आली आणि तिनं आधी यांचीच नाडी बघितली.