दार लावायचा शॉट

लॉकडाऊनमध्ये साताऱ्यातली आमची कंपनी बंद पडली आणि मी स्कूटीवरून कडेगावजवळच्या आमच्या गावी आले. वडलांना दमा, त्यामुळे आई आधीच घाबरलेली. मला बघताच तिनं "आत येऊ नगंस, गोठ्याकडची खोली झाडून ठेवलीया," म्हटलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. चौदा दिवस मी त्या खोलीत काढले. आईनं केलं ते योग्यच होतं, हे कळत होतं. तरी राग यायचा तो आलाच. मग बसल्या बसल्या मी त्याच प्रसंगावर एक शॉर्ट फिल्म लिहून काढली.

घरात घेतल्यावर तिसऱ्या दिवशी शूटिंग सुरू केलं. कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल, आणि फिल्ममधली लेकही तोच; लेकीला जे दिसतं तेच तो टिपणार. दुसरी नटी आणणार कुठून? आईचं काम आईकडेच होतं. मी रोजचं लुगडं नेस म्हणाले, तर बाई लग्नातलं नेसून, पावडर लावून हजर. वडील फौजेतून निवृत्त. ते ताटलीवर चमचा वाजवून "टेक वन!" असं काही ओरडायचे की पलीकडच्या काकू बाहेर येऊन बघायच्या. इतकं हसणं आमच्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

शेवटी एकच शॉट उरला. लेकीकडे बघायचं आणि दार लावायचं. तिथं आमचं घोडं अडलं. एकदा तिनं दार अर्धंच लावलं. एकदा मध्येच "जेवलीस का?" म्हणाली. पाचव्यांदा दूध उतू जाईल म्हणून चालती झाली. ऊन उतरत होतं, आणि दाराशी हवा तसा उजेड जेमतेम अर्धा तास टिकायचा.

"आगं, नुसतं दार तर लावायचं हाय," वडील म्हणाले, "सीमेवर न्हाई जायाचं."

माझं डोकं फिरलं. "खरं लावलंस तेव्हा बरं जमलं तुला!"

वडलांनी ताटली खाली ठेवली. आई चिडली नाही. पदरानं पावडर पुसत म्हणाली, "तवा दार लावलं आन् आतनं कडी धरून उभीच हुते मी. तुजी गाडी गोठ्याकडं गेल्याचा आवाज येईस्तवर. तुज्या सिनेमात ते कोण दावणार?"

मला भयंकर लाज वाटली. चौदा दिवस मी दाराच्या बाहेरचीच गोष्ट लिहीत बसले होते.

मोबाइल घेऊन मी आत गेले आणि वडलांना बाहेर लेकीच्या जागी उभं केलं. या वेळी दार पहिल्याच टेकला लागलं. आईनं कडी धरली. ती कान देऊन उभी राहिली, आणि मी तिच्या पाठीशी. 'कट' म्हणायचं मला सुचलंच नाही. बऱ्याच वेळानं वडलांनीच बाहेरून दार वाजवलं.