आमच्या फ्रीजरमधली बातमी

पार्सल हातात आलं की डॉक्टरबाई आधी त्याच्या बुडाला हात लावायच्या. बाळाचं दुपटं ओलं झालंय का, हे आई चाचपून बघते ना, तस्सं. कुरिअरवाला सहीसाठी दाराशी ताटकळलेला असायचा, पण बाईंचं तिकडे लक्षच नसायचं. थर्मोकोलच्या डब्याला तळवा टेकवून त्या डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "थंड आहे. आलं बाई सुखरूप."

डब्यात काय असायचं? शेण. गेंड्याचं.

दचकू नका. मी दचकले होते तेवढं आपल्या सगळ्यांना पुरे. तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायच्या आधीची. मुख्याध्यापिका म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते आणि उज्जैनमधल्या सगळ्या माधव नगरला अजून आपलीच शाळा समजत होते. वरची खोली भाड्याने द्यायची होती. जनावरांची डॉक्टर, पंचेचाळिशीची, एकटी, शाकाहारी, एवढं कळल्यावर मी लगेच हो म्हटलं. त्यांनी एकच विचारलं, "काकू, तुमच्या फ्रीजरमध्ये जरा जागा मिळेल का?" मला वाटलं, मटार ठेवायचे असतील.

मटारांच्या शेजारी निळ्या झाकणांच्या बाटल्या ठेवल्या गेल्या आणि त्यांत काय आहे ते मला समजलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. "माझ्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात!"

आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "गाईच्या शेणाने अंगण सारवतेस ना? हे जरा मोठ्या घरचं आहे, इतकंच."

सोवळं कसलं डोंबलाचं! त्याच ओट्यावर मी लसूण कुटत होते. पण बोलायला काय जातं?

मग बाईंनी मला नीट समजावलं. दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात गेंड्यांची एक जोडी होती. पिंजऱ्यातल्या गेंड्यांना सहजासहजी पिल्लं होत नाहीत. मादी माजावर नसताना नराला तिच्याजवळ सोडलं, तर लग्नाऐवजी मारामारीच. ती माजावर कधी येते, गाभण राहिली की नाही, हे नुसतं बघून कळत नाही, आणि एवढ्या धुडाला दर आठवड्याला सुई कोण टोचणार? पण पोटातलं हार्मोन शेणात उतरतं. शेण गोठवून ठेवलं की ते टिकतं. बाई एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी करायच्या. तिथला फ्रीजर बंद पडलेला, म्हणून माझा. तपासणीतून कागदावर एक रेघ निघायची. रेघ चढली आणि चढलेलीच राहिली, की पोटात पिल्लू आहे असं समजायचं.

"म्हणजे लग्न जुळवायचंच काम की," मी म्हटलं. "मीही पुष्कळ जुळवलीत."

"त्यातली टिकली किती, ते पण सांग," इति आमचे हे.

ऐन संक्रांतीच्या दिवसांत रेघ चढली. बाई काही बोलल्या नाहीत, पण जिना उतरताना गुणगुणत होत्या, आणि मुख्याध्यापिकेपासून काही लपतं का? मी खोदून खोदून काढून घेतलंच. संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. तिळगूळ वाटता वाटता मी जाहीर करून टाकलं, "आमच्याकडे गोड बातमी आहे हं. गेंड्यांकडून!" दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातून हिरव्या बांगड्या आल्या. माप कोणी विचारलं नव्हतं.

बांगड्या बघून बाईंचा चेहरा उतरला. "काकू, अजून बोलायचं नाही."

हे त्यांचं नेहमीचंच. देवास गेटवरून बस वेळेवर सुटेल का? "अजून बोलायचं नाही." भाजीत मीठ बरोबर पडलंय का? घास पूर्ण गिळेपर्यंत उत्तर नाही. मी हसले. "अहो, शास्त्र शिकलेल्या तुम्ही, आणि तीन महिने बातमी लपवणाऱ्या सासूसारखं काय करता?"

बाई खुर्चीत टेकल्या. "दोनदा बोलले होते, काकू. दोन्ही वेळा रेघ चढली, मी फोन केला, तिकडे मिठाई वाटली. आणि मग रेघ खाली आली. पोटातल्या पोटात जिरून गेलं सगळं."

मी बांगड्या गुपचूप कपाटात ठेवल्या.

आठवड्याच्या आत प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांचा फोन आला. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाई हातमोजे घालून बाटल्या लावत होत्या, म्हणून फोन ओट्यावर, स्पीकरवर. मी भेंडी चिरत होते.

"मैडम, ट्रक का इंतजाम हो गया है. मादा को दूसरे जू भेज रहे हैं. यहाँ तो कुछ हो नहीं रहा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळं मला एका क्षणात कळलं. एवढ्या कोवळ्या दिवसांत ट्रकचे धक्के बसले तर पोटातलं टिकेल याचा भरवसा नाही. आणि आता बोलून तिसऱ्यांदा चुकीच्या ठरल्या, तर बाईंच्या शब्दाला कोणी विचारणार नाही, त्यांचं कामच थांबेल. उभ्या उज्जैनला न मागता सल्ले देणारी मी, हातात अर्धी भेंडी धरून गप्प उभी राहिले.

"सर, ट्रक मत भेजिए. गाभिन है."

"लग रहा है, कि है?"

बाईंनी ओट्याची कड घट्ट धरली. "है, सर."

"पिछली बार भी आपने यही कहा था."

"कहा था. इस बार भी कह रही हूँ."

फोन बंद झाला. बाई म्हणाल्या, "काकू, पाणी द्या हो." पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता मात्र दोघींनी तोंड बंद."

ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. गेंड्याचं गाभणपण सव्वा वर्षाहूनही लांबतं. सुनेचे नऊ महिने मला जड गेले होते, तिथे हे! डोहाळे तिकडे, आणि अन्नावरची वासना उडाली इकडे बाईंची. तुपात बुडवलेले बाफले केले तर अर्ध्यातच ताट सारायच्या. मोहल्ल्यात कोणी विचारलं, "गेंड्याचं काय झालं?" की मी म्हणायची, "आज गर्मी किती आहे, नाही?" पौषातसुद्धा. लोकांना वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिघडलं.

एकदा ऐन उन्हाळ्यात रेघ खाली आली. बाई दिवसभर खोलीतून उतरल्या नाहीत. मी ताट घेऊन वर गेले, ते तसंच परत आणलं. पुढच्या पार्सलात रेघ होती तिथेच, वरती. आधीचा डबा वाटेत उन्हात तापला होता, म्हणून ते शेण बिघडलं होतं; कुरिअरवाल्यांनी नंतर बर्फ घालून तो गार केला, म्हणून बाईंच्या तळव्यालाही कळलं नाही. त्या कुरिअर कंपनीला मी जे काही बोलले, ते छापण्याजोगं नाही.

शेवटी एका सकाळी फोन आला. पलीकडे गेंड्यांची देखभाल करणारा माणूस होता. "मैडम, आ गया!"

"खड़ा हुआ?"

"हो गया खड़ा."

"दूध पिया?"

"अभी नहीं."

पुन्हा खिडकी. बाई उभ्या, मी उभी, आमचे हे पेपर उलटा धरून बसलेले. दुपारी फोन वाजला. "पी रहा है मैडम, छोड़ ही नहीं रहा!" आमच्या ह्यांनी पेपर सुलटा केला. मग म्हणाले, "आता कोणी जेवायला वाढेल का?" आणि बाई पोटभर जेवल्या.

आता बाई इथे नाहीत. त्या प्राणिसंग्रहालयाने दुसऱ्या जोडीसाठी त्यांना तिकडेच बोलावून घेतलं. वरच्या खोलीतला नवा मुलगा फ्रीजरमध्ये आइस्क्रीम ठेवतो. अगदीच कंटाळवाणं.

पण त्या दिवशीची संध्याकाळ मी अजून विसरले नाही. आम्ही दोघी टावर चौकात जलेबी घ्यायला गेलो होतो. एरवी मिठाबद्दलही न बोलणाऱ्या बाई दिसेल त्याला सांगत सुटल्या होत्या. जलेबीवाल्यालाही म्हणाल्या, "भैया, बच्चा हुआ है!"

"बधाई हो मैडम! कितने किलो का?"

"साठ का."

त्याचा झारा कढईवर थांबला. काय समजला कोण जाणे, पण अगदी घरच्यासारखं त्याने विचारलं, "और माँ? माँ ठीक है ना?"

दिवसभरात हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भर चौकात, स्कूटरींच्या हॉर्नमध्ये, त्यांना रडू फुटलं. हातात जलेबीचा कागद, पाक कोपरापर्यंत ओघळतोय, आणि बाई हसत-रडत मान हलवताहेत, "ठीक है, भैया. खा रही है. खूब खा रही है."