गुलाबच्या अकरा पायऱ्या

आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा, त्याचं नाव गुलाब. चिमूर तालुक्यात गवंडीकाम करते. लोकायची घरं कशी झकास बांधली, अन् आपल्या कवेलूच्या घरासमोर आंगणात काय बांधलं? जिना! अकरा पायऱ्या, वर कठडा. वर खोली नाई, छत नाई, काईच नाई. बावीस वर्सं झाली, सारं गाव हासून राह्यलं. मी बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाले आंघोळ करते. तेवढ्या जागेत माही न्हाणी झाली असती! रागानं मी त्या जिन्यावर कधी पाय ठेवला नाई.

खूळ लहानपणचं. मंडईच्या, म्हंजे गावच्या जत्रेच्या, नाटकात पडद्यावर राजवाडा रंगवला होता. ह्या बाबाले वाटे, नाटक संपलं का राजा त्याच पायऱ्यायनं वर झोपायले जाते. मोठा झालो का आपणही जाऊ! पडद्यावर अकरा पायऱ्या होत्या म्हणे, म्हणून आंगणातही अकरा.

यंदा गावच्या कमिटीनं नाटक ठरवायले त्याले नाटक कंपन्यायच्या गावाले, वडस्याले, धाडलं. लहानपणी तो राजवाडा दाखवला, त्याच कंपनीकडं गेला बुढा. मी सोबत, नाई तं पडदेच पाहत बसला असता.

बुढ्यानं राजवाड्याचा पडदा इचारला, तं मॅनेजर बिरजू म्हणे, "कोणता राजवाडा, भाऊ? आता सारं फ्लेक्स."

जुना पडदा मागं धानाच्या पोत्यायवर टाकला होता. गुलाबनं उलगडायले लावला. अर्धा उंदरायनं खाल्लेला. त्यानं बोट ठेवून पायऱ्या मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या. सातच.

"वर दरवाजाही नाई, रुखमे. नुसता काळा रंग. अन् अशा चढावर माणूस चढूच शकत नाई."

"वा रे मिस्त्री! हे आता समजलं?" मी पोट धरून हासली. तो हासला नाई. शेवटी नाटक मीच ठरवलं. रातच्या बसनं घरी आलो.

सकाळी पाहते तं बुढ्याच्या हातात घन. "पाडतो. तुही न्हाणी काढतो इथी."

मले तेच पायजे होतं. पण त्याचं उतरलेलं तोंड पाह्यलं, अन् दणदण अकरा पायऱ्या चढली, अन् वर फतकल मारून बसली.

"आता मारा घन! अवो बयताड माणसा, न्हाणी जिन्याखाली काढा ना! अन् इथून सारा तलाव दिसते, हे मले काऊन नाई सांगतलं?"

त्यानं घन खाली ठेवला.

"रोज सांगत होतो, वर येऊन पाह्य," तो म्हणे. "तू चढतच नव्हती."